सिग्राफला जाऊ का त्याच पैशात ग्राफिक कार्ड घेऊ?

पत्र मोठं आहे, थोडक्यात देतो. (सिग्राफ म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांची मोठी परिषद, सिग्राफ एशिया ही तिचीच आशियात भरणारी.)

"दादा, मी हुपरीचा. घरचा चांदीचा कारखाना, पैंजण आणि जोडवी. बारावीनंतर कोल्हापुरात थ्रीडीचा डिप्लोमा केला. आता डिझाईन कॉम्प्युटरवर करतो, मेणाची प्रिंट काढून कास्टिंगला देतो आणि गुजरीतल्या दोन-तीन दुकानदारांना कॅटलॉगसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलवरनं खऱ्यासारखी चित्रं, करून देतो. डिसेंबर २०२६ मध्ये क्वालालंपूरला सिग्राफ एशिया आहे, जायची लई इच्छा आहे. दीड लाख साठवलेत. मित्र म्हणतोय त्यात नवीन ग्राफिक कार्ड घे. वडील म्हणतात तिथं सगळी पीएचडीवाली माणसं, तू काय तिथं पैंजण विकणार हैस? इंग्रजी वाचता येतं पण बोलताना त-त-प-प होतं. तिथले संशोधनाचे पेपर उघडले तर एक ओळ कळत नाही. जाऊ का नको? रेंडर सोबत जोडलेत."

भावा, उत्तर आधी सांगतो, कारणं मागनं. जा. पण फुल पास परवडत असेल तरच जा. नुसतं प्रदर्शन बघायच्या स्वस्त पासासाठी विमानाचं तिकीट काढणार असशील तर मित्राचं ऐक, कार्ड घे आणि गप काम कर.

आता कार्डाचा विषय संपवून टाकू. तुझं आत्ताचं कार्ड काम अडवतंय का नुसतं हळू चालतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका रेंडरला रात्रभर लागत असेल तर लागू दे, रात्री तू झोपलेलाच असतोस की. पण शे-दोनशे घुंगरं लावलेलं पैंजण, त्यावर मीना, असला सीन उघडला की कार्डाची मेमरी भरून ब्लेंडर बंदच पडतंय अशी गत असेल तर मात्र धंदा अडतोय, मग आधी कार्ड. पत्रात तसं काही लिहिलेलं नाहीस म्हणून मी धरून चालतो की नुसतं हळू आहे. कार्ड पुढच्या वर्षी पण मिळेल.

क्वालालंपूर मात्र पुढच्या वर्षी असेलच असं नाही, कारण सिग्राफ एशिया दरवर्षी गाव बदलतं. २००८ ला सिंगापूरपासून सुरू झालं, २०२४ ला टोकियोत होतं, २०२५ ला हाँगकाँगला. मोठं सिग्राफ वेगळं, ते अमेरिका-कॅनडात भरतं, आपल्याकडं पाऊस झोडपत असतो त्या दिवसात. ते १९७४ ला कोलोरॅडोतल्या बोल्डर नावाच्या गावात सहाशेएक लोकांवर सुरू झालं आणि १९९७ ला लॉस एंजेलिसला आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्या वर गेला होता, आता तेवढी गर्दी नसते. तिकडं जायचं म्हणजे मुंबईला बीकेसीत व्हिसाची मुलाखत, तारखेची वाट बघणं, आणि खर्च तुझ्या दीड लाखात कुठंच बसत नाही. मलेशियाला भारतीय पासपोर्टवर २०२६ च्या अखेरपर्यंत तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त पोचायच्या आधीच्या तीन दिवसात त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरायचं. म्हणजे हुपरीच्या पोराला जमण्यासारखं जे सिग्राफ आहे ते हेच.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, उगीच त्यांच्याशी भांडू नको. टेक्निकल पेपरच्या हॉलमध्ये खरंच पीएचडीवाले असतात आणि पडद्यावर सारखी इंटिग्रलची चिन्हं असतात. पण ती माणसं एवढी वर्षं कशाच्या मागं लागली आहेत ते बघ. तू चांदी करताना ब्लेंडरमध्ये प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ, म्हणजे वस्तूचं मटेरियल ठरवायचं तयार साधन, घेतोस, मेटॅलिक एकवर नेतोस, रफनेस खाली आणतोस, झालं काम. हे स्लायडर कुठनं आले? २०१२ च्या सिग्राफमध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्लीनं एका कोर्समध्ये त्यांच्या स्टुडिओतली पद्धत मांडली, आणि तिचा पायाच असा होता की फिजिक्सचे आकडे आर्टिस्टच्या अंगावर टाकायचे नाहीत, स्लायडर कमीत कमी ठेवायचे, शक्य तिथं शून्य ते एकच्या मधले, आणि कसेही फिरवले तरी मटेरियल बरं दिसलं पाहिजे. ब्लेंडरनं २.७९ या आवृत्तीत तेच उचललं. म्हणजे तू रोज जे फिरवतोस ते त्या पीएचडीवाल्यांनी तुझ्यासारख्या हातानं काम करणाऱ्यासाठीच सोपं करून ठेवलंय.

त्याच्या मागं जाऊ. १९८१ च्या सिग्राफमध्ये रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स या दोघांनी एक पेपर वाचला, त्यात दोन फुलदाण्यांची चित्रं आहेत, आकार तोच, एक तांब्याच्या रंगाच्या प्लॅस्टिकची आणि दुसरी खऱ्या तांब्याची. त्याआधी कॉम्प्युटरवर कुठलाही धातू काढला तरी तो प्लॅस्टिकच वाटायचा, कारण चमकेचा ठिपका कायम पांढराच काढायचे. प्लॅस्टिकवर तो पांढरा असतोच, पण तांब्यावरची चमक तांब्याच्याच रंगाची असते. हे तुझ्या आजोबांना पेपर न वाचता माहीत असणार, सोनं आणि पॉलिश मारलेलं पितळ लांबनं ओळखणारी माणसं ती. पण ते गणितात बसवणं हे काम होतं आणि ते या दोघांनी केलं.

तू वापरतोस ती एचडीआरआय, म्हणजे सीनला उजेड द्यायला लावतात तो आजूबाजूच्या जागेचा फोटो, ती पण इथलीच. १९९८ ला पॉल डेबेवेकनं आरशासारख्या चकचकीत गोळ्याचे वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो काढून खऱ्या जागेचा उजेड पकडला आणि त्यात कॉम्प्युटरवरच्या वस्तू ठेवून दाखवल्या. चांदीच्या माणसाला तर हे सगळ्यात जास्त लागतं, कारण चांदी स्वतः फार काही दाखवतच नाही, आजूबाजूला जे असेल तेच दाखवते.

त्यावरनं तुझ्या रेंडरबद्दल बोलतो, रागावू नको. तुझी चांदी स्टीलसारखी दिसत्या. एक तर तू सगळीकडं तीच करड्या स्टुडिओची एचडीआरआय लावल्यास, त्यामुळं चांदीला दाखवायला करडं सोडून काही उरलेलंच नाही. दुसरं, कडा. पैंजणाच्या कडीला तू ब्लेडसारखी धार ठेवल्यास, खरा माल पॉलिशमधनं निघाला की कुठलीच कड तशी राहत नाही, वाईच बेव्हल दे, म्हणजे कड जरा मोड, कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटली की निम्मं काम तिथंच होतं. तिसरं, ऑक्सिडाईज केलेल्या जोडव्यात काळेपणा सगळीकडं सारखा रंगवलायस. खऱ्या जोडव्यात तो खाचेत बसतो आणि वरचा भाग घासून पांढरा निघतो. हे तुला कुणी शिकवायची गरज नाही, कारखान्यात खाली जाऊन एक नग हातात घेऊन खिडकीपाशी उभा रहा. घुंगराचं मॉडेल मात्र विषय हार्ड, ते असंच ठेव.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे तिथं मोकळ्या हातानं जायचं नाही, एक प्रश्न घेऊन जायचं. दहा नको, एकच. तुझ्या कामातनं निघालेला, तुला खरंच अडणारा. उदाहरण देतो, असाच घे असं नाही. पॉलिशच्या ब्रशचे बारीक चरे कडीच्या वळणाबरोबर फिरतात, त्यामुळं चमक एका बाजूला ओढल्यासारखी दिसते. ब्लेंडरमध्ये त्यासाठी अॅनिसोट्रॉपिकचा स्लायडर आहे पण दिशा आपण द्यावी लागते, आणि पैंजणात चारशे कड्या असतील तर प्रत्येकीला हातानं देत बसणार का? खऱ्या नगाच्या मोबाईलवर काढलेल्या चार-पाच फोटोंवरनं ती दिशा काढता येते का? या असल्या प्रश्नावर जगभर माणसं काम करतायत. चरे पडलेल्या धातूवर ठिणग्यांसारखे बारीक कण कसे चमकतात यावर २०१४ च्या सिग्राफमध्ये पेपर होता. तुझा प्रश्न त्यांच्या घरातलाच आहे, आणि तुझ्याकडं खरा नग आहे जो त्यांच्याकडं नसतो.

पेपर कळत नाहीत म्हणतोस, कारण तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला बसतोस. तसं ती माणसं पण वाचत नाहीत. पहिल्या पानावरचं मोठं चित्र बघ, त्याला टीजर म्हणतात, तिथं सगळं सार असतं. मग गोषवारा वाच, मग व्हिडिओ बघ, मग सरळ शेवटाकडं जाऊन लिमिटेशन्सचा परिच्छेद वाच. मधली गणितं सोडून दे. लिमिटेशन्समध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं की आमचं हे कुठं चालत नाही, आणि बऱ्याचदा तिथंच लिहिलेलं असतं की फार चकचकीत वस्तूंवर चालत नाही. म्हणजे चांदीवर चालत नाही. झाला की तुझा प्रश्न तयार. जुने पेपर फुकट आहेत, सिग्राफ ज्यांचं आहे त्या एसीएम या संस्थेनं २००० सालापर्यंतचे आपले सगळे पेपर २०२२ मध्ये सगळ्यांना खुले केले, नवे बहुतेक लेखक स्वतःच्या पानावर टाकतातच. सिग्राफच्या यूट्यूब चॅनलवर दरवर्षीच्या पेपरांचा ट्रेलर असतो, तो जेवताना बघत जा. आणि फिजिकली बेस्ड शेडिंग नावाचा कोर्स तिकडच्या सिग्राफला २०१० पासून बऱ्याच वेळा झालाय, त्याच्या नोट्स नेटवर फुकट आहेत, त्यातला पहिला पाठ नवशिक्याला धरूनच लिहिलेला असतो. निघायच्या आधी तेवढा एक पाठ झाला तरी तू तिथं कोरा जाणार नाहीस.

तिथं गेल्यावर पहिल्या दिवशीचा फास्ट फॉरवर्ड चुकवू नको. प्रत्येक पेपरवाल्याला स्टेजवर मिनिटभर सुद्धा मिळत नाही, तेवढ्यात त्यानं सांगायचं आमचं काय आहे, आणि एकापाठोपाठ एक नुसता धुरळा. काही जण गाणी म्हणतात, काही नाटक करतात. दोन-एक तासात सगळ्या कॉन्फरन्सचा नकाशा डोळ्यासमोर येतो, आपल्या कामाचे पाच-सहा वहीत टिपायचे आणि बाकीचे विसरून जायचे. सगळं बघायचं म्हणून पळत सुटलास तर संध्याकाळी पाय दुखतील आणि डोक्यात भुस्सा असेल.

पेपरच्या हॉलपेक्षा तुझी खरी जागा पोस्टर आणि कोर्स. पोस्टरवाली पोरं तुझ्याच वयाची असतात, आपल्या चित्राशेजारी उभी राहून कुणीतरी थांबेल म्हणून वाट बघत असतात, त्यांच्याजवळ थांबलास तर तेच हरखतात. कोर्समध्ये सुरुवातीपासून शिकवतात. बर्ड्स ऑफ अ फेदर म्हणून एका आवडीच्या माणसांच्या अनौपचारिक बैठका असतात, तिथं खुर्च्या गोलात टाकून गप्पा चालतात, वेळापत्रकात तुझ्या विषयाची कुठली दिसली तर जाऊन बस. इमर्जिंग टेक्नॉलॉजीज मध्ये हात लावून बघायची यंत्रं असतात, हवेत बोट फिरवलं की कायतरी टोचल्यासारखं वाटणारं, असलं काहीबाही, तिथं रांग असते पण एकदा लाव. रिअल-टाइम लाईव्ह असलं तर नाद नाही करायचा, आधीच जागा धर, सगळं प्रेक्षकांसमोर थेट चालवून दाखवतात, आधी बनवून आणलेला व्हिडिओ चालत नाही. रात्रीचं अॅनिमेशन थिएटर तर बघशीलच, ते कुणी सांगायला नको.

राहिलं प्रदर्शन. चैत्र यात्रेला जाऊन जोतिबाचं दर्शन राहिलं आणि सगळा दिवस खेळण्याच्या दुकानांसमोर गेला, असं तिथं बऱ्याच जणांचं होतं. पिशव्या, टी-शर्ट, स्टिकर गोळा करत फिरतात. तुझं तिथं एकच काम, थ्रीडी स्कॅनरच्या स्टॉलवर जायचं. सेल्समन प्लास्टरचा पुतळा ठेवून फटाफट स्कॅन करून दाखवेल. त्याचं झालं की तू खिशातनं चकचकीत पॉलिशचं चांदीचं जोडवं काढायचं आणि म्हणायचं आता हे करून दाखव. चकाकणाऱ्या वस्तूवरनं स्कॅनरचा उजेड भलतीकडंच परावर्तित होतो, त्यामुळं मॉडेलला भोकं पडतात किंवा खडबडीत गोळा येतो, मग तो म्हणेल यावर पांढरा पावडरचा स्प्रे मारावा लागेल. तेव्हा विचार, स्प्रेचा थर किती जाड, आणि जोडव्यावरची बारीक नक्षी त्यात भरून जाते का. चांगल्या कंपनीचा माणूस खरं उत्तर देईल, बाकीचे ब्रोशर हातात देतील. पुढं-मागं कारखान्यातल्या जुन्या डिझाईनचे नग स्कॅन करून ठेवायचा विचार असेल तर हे दहा मिनिटांचं काम तुझे लाखभर रुपये वाचवेल.

जोडवं नेशील तेव्हा पक्कं बिल जवळ ठेव आणि एकच नग ने, पिशवीभर माल नेऊन कस्टमवाल्याला कारण देऊ नको.

इंग्रजीची एवढी धास्ती घेऊ नको. एशियाला बरीच माणसं कोरिया, जपान, चीनची, त्यातली कितीतरी पण अडखळतच बोलतात आणि कुणी हसत नाही. भाषण झाल्यावर माईकवर जाऊन प्रश्न विचारायचं धाडस होत नसेल तर विचारू नको, स्टेजच्या बाजूला जाऊन थांब, बोलणारा खाली उतरला की एका हातात नग आणि एका हातात मोबाईलवरचा रेंडर धर. "धिस इज रिअल, धिस इज माय रेंडर, व्हाय डिफरंट?" एवढं म्हटलास तरी पुढचं तो बोलेल. व्याकरण गेलं उडत. माझं तर म्हणणं आहे की वीस लोकांना व्हिजिटिंग कार्ड वाटण्यापेक्षा असं दोघांशी अर्धा तास बोलणं झालं तर दीड लाख वसूल.

आणि घरगुती दागिना दाखवायला लाजशील म्हणून सांगतो, या क्षेत्रातलं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल म्हणजे चहाची किटली. १९७५ ला युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेलनं घरातली किटली समोर ठेवून ती कॉम्प्युटरवर काढली, आणि तेव्हापासून आजपर्यंत नवीन काही केलं की लोक ते आधी त्या किटलीवर करून बघतात. खरी किटली कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरच्या म्युझियममध्ये ठेवल्या. मग पैंजणानं काय घोडं मारलंय?

पैशाचं बघ. पासाची फी डॉलरमध्ये असते, लवकर नोंदणी केली तर स्वस्त, एसीएम सिग्राफचं सभासदत्व घेऊन सवलतीत फायदा होतोय का तो हिशोब आधी कर. (कॉलेजात असलेल्या वाचकांसाठी, स्टुडंट व्हॉलंटियर म्हणून अर्ज करता येतो, ठरलेले तास काम करायचं आणि पास फुकट. अर्ज कित्येक महिने आधी असतो. हुपरीकरा, तू आता विद्यार्थी नाहीस म्हणून तुला ते नाही.) बँकेच्या साध्या कार्डावर परदेशात वरनं साडेतीन टक्क्यांपर्यंत कापतात, फॉरेक्स कार्ड करून घे. पासपोर्ट नसेल तर आज अर्ज कर, कोल्हापुरात पोस्टातच सेवा केंद्र आहे, साधी फी दीड हजार. आधार आणि दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघ, आपल्याकडं निम्म्यांचं तिथंच अडतंय. महालक्ष्मीनं मुंबई, तिथनं विमान. स्वस्त विमानात सामानाचे पैसे वेगळे असतात ते तिकीट काढतानाच भर, काउंटरवर जास्त पडतात. बाहेर उकाडा आणि पाऊस, पण हॉलमध्ये एसी असा सोडतात की दात वाजतात, स्वेटर पाठीवरच्या बॅगेत ठेव. बूट जुने घाल, नवे नको. जेवणाचं आईला सांग काळजी नको, ब्रिकफील्ड्स म्हणून भाग आहे, इडलीपासून सगळं मिळतं, तांबडा-पांढरा मात्र आल्यावर.

वडिलांशी बोलताना किटली, डिस्ने असलं काही काढू नको. बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता इथंच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा बनवला हे पण नको, ते म्हणतील ते बाबूराव होते. डिसेंबर म्हणजे लग्नसराई, त्यांना खरी काळजी ऑर्डरीची असणार. त्यामुळं त्यांच्यासमोर वही घेऊन बस, कुठल्या दुकानदाराच्या किती डिझाईनच्या फाईली बाकी आहेत त्या लिही, आणि पंचवीस नोव्हेंबरच्या आत सगळ्या कास्टिंगला जातील अशी तारीख लिहून दे. आणि ती पाळ, नाहीतर तिथं बसून सारखा फोन वाजत राहील.